आगगाडीच्या प्रतिकृती : गतिरोध व कर्षण

आगगाडीच्या चालत्या प्रतिकृतीतील डबे ओढण्यास किती प्रेरणा लागेल व ती पुरविण्यास एंजिन पुरेसे आहे की नाही, हे मार्ग बांधण्यापूर्वीच अजमावण्याच्या रीतीचा विचार या नोंदीत केला आहे. सपाट मार्गावर डौलाने धावणारी गाडी चढावर येताच एंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात व गाडी थांबते, हा अनुभव प्रतिकृती बांधणाऱ्या बहुतेकांना येतो. त्याचे कारण एंजिनाच्या दोषापेक्षा बांधणीपूर्वी न केलेल्या हिशेबात असते. हा हिशेब खऱ्या रेल्वेच्या अभियंत्याने करावयाच्या हिशेबासारखाच असला, तरी त्यातील काही राशी गाडीच्या आकाराबरोबर लहान होतात व काही होत नाहीत. सर्व गोष्टी सारख्याच प्रमाणात लहान झाल्या असे गृहीत धरल्यास उत्तरे फार चुकतात.

सर्वांत प्रचलित असलेल्या ‘एचओ’ या प्रमाणात प्रतिकृतीची लांबी मूळ गाडीच्या १/८७ असते आणि रुळांतील अंतर १६·५ मिमी. असते. हे अंतर १,४३५ मिमी. या प्रमाणमापी मार्गावरून काढलेले आहे. भारतातील रुंदमापी मार्गाचे १,६७६ मिमी. अंतर याच प्रमाणात १९·३ मिमी. व्हावयास हवे, परंतु तसे रूळ तयार मिळत नसल्याने भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतीही बहुधा १६·५ मिमी. मार्गावरच चालवितात. ही तडजोड डोळ्यांना फारशी खटकत नाही. मात्र तिच्यामुळे डब्यांचे स्थैर्य थोडे कमी होते. महाराष्ट्रात या प्रमाणातील मोठी मांडणी पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या व १९९८ मध्ये खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात पहावयास मिळते.

लांबी १/८७ झाली की पृष्ठफळ सु. १/७,५७० आणि घनफळ व त्याबरोबर वजन सु. १/६,५८,५०० होते. कोळशाच्या वाहतुकीत सर्वत्र दिसणारी बॉक्स-एन वाघीण रिकामी असताना सु. २२·५ टन व पूर्ण भरल्यावर ८१·२८ टन भरते. प्रतिकृतीत तिची लांबी सु. १२·३ सेंमी. आणि वजन रिकामेपणी अवघे ३४ ग्रॅ. व भरल्यावर १२३ ग्रॅ. व्हावयास पाहिजे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेने या प्रमाणातील डब्यासाठी सुचविलेले वजन मूळ २८ ग्रॅ. अधिक लांबीच्या दर सेंमी.ला सु. ५·६ ग्रॅ. असे आहे. या नियमाने वरील वाघीण ९७ ग्रॅ. व १५ सेंमी. लांबीचा डबा सु. ११२ ग्रॅ. भरतो. म्हणजे रिकाम्या वाघिणीची प्रतिकृतीही जवळजवळ भरलेल्या वाघिणीइतकी जड ठेवावी लागते. याचे कारण पुढे वळणांच्या संदर्भात आले आहे.

रोधाची कारणे : समपातळीवरील सरळ मार्गावर डबा एकसारख्या वेगाने ओढण्यास लागणारी प्रेरणा म्हणजे त्याचा गतिरोध (यापुढे नुसता ‘रोध’) होय. या प्रेरणेला डब्याच्या वजनाने भागले असता येणाऱ्या संख्येला येथे रोधांक म्हटले आहे. रेल्वेत तो दर टनास किग्रॅ. असा सांगण्याची वहिवाट आहे; टनास १० किग्रॅ. म्हणजे १ टक्का.

आजच्या वाघिणींत आसाची टोके रोलर धारव्यांत बसविलेली असतात आणि पोलादी चाक पोलादी रुळावर फारच थोडे दबते. त्यामुळे कमी वेगात रोध टनास सु. १ ते २ किग्रॅ. एवढाच, म्हणजे ०·१ ते ०·२ टक्के असतो. प्रतिकृतीत तो सामान्यतः १ ते ३ टक्के आढळतो. फार काळजीने बनविलेल्या डब्यांतच तो १ टक्क्याच्या आत येतो. म्हणजे वजनाच्या मानाने प्रतिकृती ओढणे हे खरी गाडी ओढण्यापेक्षा दहा-पंधरा पट अवघड असते. प्रतिकृतीत धातूच्या आसाची अणकुचीदार टोके प्लॅस्टिकच्या शंकूसारख्या खळग्यांत टेकून फिरतात. तेथे लोळण नसून घासणे असते व घर्षणांक सु. ०·२ असतो. मात्र हे घासणे फार लहान त्रिज्येवर होते, ही जमेची बाजू होय. रोध काढण्यासाठी घर्षणांकाला टोकावरील स्पर्शत्रिज्या व चाकाची त्रिज्या यांच्या गुणोत्तराने गुणावे लागते. स्पर्शत्रिज्या ०·४ मिमी. आणि चाकाची त्रिज्या ५·५ मिमी. धरल्यास रोधांक सु. १·५ टक्के येतो. टोक बोथट होऊन स्पर्शत्रिज्या दुप्पट झाली, की रोधही दुप्पट होतो. आस खळग्यांत घट्ट बसला असेल किंवा चाकाची कड रुळाच्या बाजूस घासत असेल, तर त्यात आणखी भर पडते. आत दिवे असलेल्या डब्यात चाकांवरून वीज घेण्यासाठी बसविलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या तर रोध सहज दुप्पट-तिप्पट करतात. तेलाने प्रारंभी घर्षण कमी होते; परंतु पुढे त्यावर धूळ व तंतू चिकटून बसतात, म्हणून ग्रॅफाइटाची कोरडी पूड अधिक श्रेयस्कर ठरते.

हवेचा रोध येथे सोडून देता येतो. खऱ्या गाडीच्या बाबतीत डब्ल्यू. जे. डेव्हिस यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या सूत्रात रोधाचे तीन भाग आहेत : वेगावर अवलंबून नसलेला, वेगाच्या प्रमाणात वाढणारा आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा. यांतील शेवटचा भाग प्रामुख्याने हवेमुळे येतो. ताशी ६० किमी. वेगाची प्रतिकृती सेकंदाला अवघे १९ सेंमी. जाते. या वेगाला पहिल्या भागाखेरीज काहीही उरत नाही आणि त्यामुळे प्रतिकृतीचा हिशेब एका अर्थाने खऱ्या गाडीपेक्षा सोपा होतो.

रोधाची मोजणी : रोधांकाच्या छापील आकड्यांवर विसंबण्याऐवजी तो स्वतः मोजणे उत्तम, कारण एकाच कारखान्यात बनलेल्या दोन डब्यांतही बराच फरक आढळतो. सर्वांत सोपी रीत उताराची आहे. सरळ फळीवर एक मी. लांबीचा रूळमार्ग पक्का करून त्याचे एक टोक हळूहळू उचलावे व डब्याला दर वेळी बोटाने किंचित धक्का द्यावा. ज्या उंचीला डबा थांबत नाही व वेगही वाढवीत नाही, ती उंची भागिले आडवे अंतर हाच रोधांक होय. टोक १५ मिमी. उचलावे लागले, तर रोधांक १५/१,००० म्हणजे १·५ टक्के. धक्क्याशिवाय डबा आपोआप सुटण्यास उतार यापेक्षा अधिक लागतो. त्यावरून आरंभीचा रोध कळतो. दोन्ही आकडे टिपून ठेवावेत. फळीचे दुसरे टोक उचलून हीच चाचणी उलट दिशेने पुन्हा घेतल्यास फळी किंवा जमीन मुळातच एका बाजूला कललेली असल्याचा दोष सापडतो.

दुसरी रीत अधिक काटेकोर आहे. थोड्या उताराला जोडून लांब सपाट मार्ग ठेवावा, दोहोंचा सांधा गुळगुळीत वक्र करावा आणि ठराविक उंचीवरून डबा सोडून द्यावा. सुटतेवेळची उंची भागिले डबा थांबेपर्यंतचे एकूण आडवे अंतर म्हणजे रोधांक. ३० मिमी. उंचीवरून सुटलेला डबा उतारावरील ६० सेंमी. व सपाटीवरील १४० सेंमी. असे एकूण २ मी. गेला, तर रोधांक ३०/२,०००, म्हणजे १·५ टक्केच येतो. आरंभी व शेवटी डबा स्थिर असल्याने फिरत्या चाकांत साठलेल्या ऊर्जेचा हिशेबच करावा लागत नाही आणि घड्याळाचीही गरज पडत नाही. उतारावरून वाघिणी सोडून त्यांचा रोध काढण्याची ही कल्पना रेल्वेइतकीच जुनी आहे. काउंट द पांबूर या फ्रेंच अभियंत्याने १८३० नंतरच्या दशकात लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर खऱ्या वाघिणी अशाच उतारांवरून सोडून मापने घेतली होती. त्याआधी १८१८ मध्ये जॉर्ज स्टीफन्सन व निकोलस वुड यांनी किलिंगवर्थ येथील खाणीच्या मार्गावर प्रेरणामापक वापरून असे प्रयोग केले होते. त्यांवरून स्टीफन्सन यांनी रूळमार्ग होईल तितका सपाट असावा, असा जो आग्रह धरला, त्याचे मर्म पुढील आकड्यांवरून स्पष्ट होईल.

डब्याला दोरा बांधून तो कप्पीवरून सोडावयाचा व टोकाच्या पारड्यात वजने टाकावयाची, ही तिसरी रीत पाठ्यपुस्तकातून सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु येथे ती फसवी ठरते. ११० ग्रॅ.च्या डब्याचा रोध १·६५ ग्रॅ. एवढाच असतो आणि साध्या कप्पीचे घर्षणही तितकेच असू शकते. ही रीत वापरावयाचीच, तर दहा डबे एकत्र जोडून ओढावेत व येणाऱ्या आकड्याला दहाने भागावे.

एंजिनाची कर्षण प्रेरणा : एंजिन किती ओढू शकते, याला दोन मर्यादा असतात. एक त्याच्या चलित्राच्या परिबलाची व दुसरी चाकांच्या रुळावरील पकडीची. प्रतिकृतीत दुसरी मर्यादा आधी यावी, अशीच रचना करणे शहाणपणाचे असते. चाके घसरली तर गाडी केवळ थांबते. पण पकड इतकी वाढविली की चाके घसरण्याऐवजी चलित्रच अडकून राहील, तर त्याची गुंडाळी तापून जळण्याचा धोका असतो. पकडीची प्रेरणा म्हणजे चालक चाकांवरील वजन गुणिले घर्षणांक. निकेल-सिल्व्हरच्या रुळांवर धातूच्या चाकांचा घर्षणांक सु. ०·२ ते ०·२५ असतो. चाकाभोवती रबरी कडे बसविल्यास तो बराच वाढतो, पण त्या चाकातून वीज घेता येत नाही. सर्व चाके चालक असलेले ४०० ग्रॅ. वजनाचे एंजिन ०·२२ घर्षणांकाने सु. ८८ ग्रॅ. ओढ देते. साध्या स्प्रिंगच्या काट्याने हा आकडा पडताळता येतो.

नागपूरच्या नैर्ऋत्य भागातील प्रतापनगरच्या पूर्वेस असलेल्या अजनी येथील विद्युत् एंजिनांच्या शेडमध्ये डब्ल्यूएजी-९ जातीची मालवाहू एंजिने ठेवली जातात. या जातीच्या मूळ एंजिनाचे वजन १२३ टन असून सुरुवातीची ओढ सु. ४६० किलोन्यूटन, म्हणजे सु. ४७ टन आहे. वजनाशी तिचे प्रमाण ०·३८ पडते. चाके घसरू लागताच परिबल आपोआप कमी करणाऱ्या विद्युत् नियंत्रणामुळे हे शक्य होते. १/८७ प्रमाणात या एंजिनाचे वजन अवघे १८७ ग्रॅ. होईल. प्रतिकृतीचे एंजिन त्याच्या दुप्पट किंवा अधिक जड करून पकडीतील ही उणीव भरून काढतात.

चढाचा परिणाम : चढावर डब्याच्या वजनाचा काही अंश मागे ओढतो. ‘३७ ला १’ या चढावर तो वजनाच्या १/३७, म्हणजे २·७ टक्के किंवा टनास २७ किग्रॅ. असतो. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील व १८६५ मध्ये खुल्या झालेल्या थळघाटातील रेल्वेचा तीव्रतम चढ हाच आहे. चढाचा हा अंश मापप्रमाणावर मुळीच अवलंबून नसतो : गाडी कितीही लहान केली, तरी ३७ ला १ हा चढ ३७ ला १ च राहतो. एकूण ओढ काढताना रोधांक व चढ यांची बेरीज करून ती वजनाने गुणावयाची आणि एंजिनाला स्वतःलाही चढावयाचे असल्याने त्याच्या वजनाचा चढापुरता अंश उपलब्ध ओढीतून वजा करावयाचा, एवढाच नियम आहे.

वरील एंजिनाच्या ८८ ग्रॅ. ओढीने १·५ टक्के रोधांकाचे ११० ग्रॅ.चे डबे सपाटीवर ५३ ओढता येतील. बोरघाटाच्या चढावर एंजिनासाठी ११ ग्रॅ. खर्ची पडून ७७ ग्रॅ. उरतात आणि प्रत्येक डब्याला ४·६ ग्रॅ. लागतात, म्हणजे १६ डबे. आता खऱ्या गाडीचा हिशेब पाहावा. डब्ल्यूएजी-९ ची पूर्ण ओढ मिळते व रोध टनास १·५ किग्रॅ. आहे असे धरले, तर सपाटीवर कागदोपत्री सु. ३८० भरलेल्या बॉक्स-एन वाघिणी हलू शकतात (प्रत्यक्षात आरंभीचा अधिक रोध, कपलिंगांची ताकद व स्थानकांची लांबी यांमुळे एवढी गाडी जोडली जात नाही). घाटात मात्र तेच एंजिन १८ वाघिणींवरच थांबते. सपाटीवर ५३ व ३८० एवढे अंतर असलेल्या दोन गाड्या घाटात १६ व १८ अशा जवळजवळ एका पातळीवर येतात. घाटात गाडीच्या मागे लोटणारी बँकर एंजिने का जोडावी लागतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

याच हिशेबातून व्यवहाराला उपयोगी असा आणखी एक निष्कर्ष निघतो. सर्व डब्यांची चाके व धारवे सुधारून रोधांक १·५ वरून ०·७५ टक्के केला, तर सपाटीवर डब्यांची संख्या दुप्पट, म्हणजे १०६ होते. पण ३७ ला १ च्या चढावर ती १६ वरून फक्त २० वर जाते. हौशी लोक धारव्यांवर पुष्कळ खर्च करतात आणि जागा वाचविण्यासाठी चढ मात्र तीव्र ठेवतात. त्यांनी चढ ३७ ला १ ऐवजी ७४ ला १ केला, तर जुन्याच डब्यांनी ही संख्या २६ होईल. त्यासाठी चढाची लांबी दुप्पट लागते, हे खरे. एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी रूळ ८ सेंमी. उचलावयाचे असतील, तर ३ मी.ऐवजी ६ मी. मार्ग गुंतवावा लागतो.

वळणे : भारतीय रुंदमापी मार्गावर १७५ मी. त्रिज्येपेक्षा तीव्र वळण ठेवीत नाहीत. एचओ प्रमाणात ही त्रिज्या २ मी. होते, म्हणजे ४ मी. रुंदीच्या खोलीत अर्धवर्तुळ जेमतेम मावेल. प्रत्यक्षात ४५ सेंमी. त्रिज्येची वळणे सर्रास वापरली जातात आणि ती खऱ्या मापात फक्त ३९ मी. भरतात. इतकी तीव्र वळणे खऱ्या रेल्वेत अरुंद मार्गांवरच संभवतात. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाचे रुळांतील अंतर ६१० मिमी. व तीव्रतम चढ २० ला १ असून त्याच्या वळणांसाठी वाफेच्या एंजिनांचे शेवटचे आस क्लीन-लिंडनर पद्धतीने बाजूला सरकू शकतील असे बनविले होते. विदर्भातील अरुंदमापी मार्ग ७६२ मिमी. रुंदीचे होते, त्यांपैकी नागपूर–छिंदवाडा मार्ग २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. त्या काळातील गाड्या नागपूरला मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात पाहता येतात. वळणामुळे वाढणारा रोध भारतीय रुंदमापी मार्गावर दर अंश वक्रतेला टनास ०·४ किग्रॅ. धरतात. प्रतिकृतीच्या वळणांना हे सूत्र लावणे धाडसाचे होईल. तेथे मोजलेलेच आकडे घ्यावेत. चढ आणि तीव्र वळण एकाच ठिकाणी शक्यतो आणू नये.

वळणावर दुसराही धोका असतो. ताणलेली गाडी वळणाच्या आतल्या बाजूस खेचली जाते व हलका डबा आत कोलमडतो. ८८ ग्रॅ. ओढीखाली असलेल्या १३ सेंमी. लांबीच्या डब्यावर ४५ सेंमी. त्रिज्येच्या वळणावर आत खेचणारी प्रेरणा सु. २५ ग्रॅ. असते. ती रुळापासून १२ मिमी. उंचीवरील कपलिंगाला लागते, म्हणून उलथवू पाहणारे परिबल ३०० ग्रॅ.-मिमी. होते. डब्याला सावरणारे परिबल म्हणजे वजन गुणिले रुळांतील अर्धे अंतर (सु. ८ मिमी.). प्रमाणशीर ३४ ग्रॅ.च्या रिकाम्या वाघिणीत ते २७२ भरते आणि ती उलटते, ११० ग्रॅ.च्या डब्यात ८८० भरते व तो स्थिर राहतो. सुचविलेले वजन ‘जास्त’ का असते, ते येथे कळते. एंजिनालगत जड व शेवटी हलके डबे जोडावेत, हा नियमही यातूनच येतो.

सुटलेले डबे : वीज तोडल्यावर गाडी किती घरंगळते, हेही रोधांकच ठरवितो. ताशी ६० किमी. वेगाची खरी मालगाडी ब्रेक न लावल्यास सपाटीवर कित्येक किमी. जाते, तर त्याच प्रमाणशीर वेगाचा प्रतिकृतीतील डबा सु. १२ सेंमी., म्हणजे स्वतःच्या लांबीइतकाच जाऊन थांबतो. हा धसमुसळेपणा टाळण्यासाठी चांगल्या एंजिनांत चलित्राच्या दांड्यावर जड गतिपालक चक्र बसवितात.

खऱ्या रेल्वेत कमी रोध हा जसा लाभ आहे, तसाच धोकाही आहे. टनास १·५ किग्रॅ. रोधाची वाघीण ६६७ ला १ एवढ्या, डोळ्यांना न जाणवणाऱ्या उतारावरही एकदा हलली की चालत राहते. म्हणून भारतात स्थानकाच्या आवारातील उतार ४०० ला १ पेक्षा तीव्र ठेवीत नाहीत आणि शक्य तेथे तो १,२०० ला १ असावा, अशी शिफारस आहे. घाटात ताबा सुटलेली गाडी चढाच्या बाजूस वळवून थांबविण्यासाठी कॅच सायडिंग बांधलेले असतात. प्रतिकृतीतील १·५ टक्के रोधांकाचा डबा ६७ ला १ पेक्षा मंद उतारावर उभा राहतो, त्यामुळे तिच्या स्थानकात अशी काळजी घेण्याचे कारण नसते. घाटात मात्र असते. ३७ ला १ च्या ३ मी. उतारावरून सुटलेला डबा सु. ७ सेकंदांत तळाशी येतो आणि त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सु. ८० सेंमी., म्हणजे खऱ्या मापात ताशी २५० किमी.हून अधिक असतो. मांडणीच्या घाटात तळाशी उलट चढाची एक आखूड शाखा ठेवल्यास असा डबा टेबलावरून खाली न पडता तीवर चढून थांबतो.